एका दिवसातले वेरूळ



एका दिवसाच्या सहलीत वेरूळ उरकणे म्हणजे लेण्यांचा अपमान, हे गेल्या अंकातील पत्र वाचले. राग समजतो, निष्कर्ष पटत नाही. सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन मी हीच सहल केली: दौलताबाद, खुलदाबाद, घृष्णेश्वर, वेरूळ, पाणचक्की. घृष्णेश्वराच्या रांगेतच तास गेला (गाभाऱ्यात पुरुषांना सदरा काढून जावे लागते, हे आधी कुणी सांगेल तर शपथ!). ३४ लेण्यांपैकी आम्ही तीनच पाहिली. पण दहाव्या लेण्यात गाइडने मान वर करायला लावली. छताला लाकडी वासे असावेत तशा दगडी फासळ्या. आई पटकन म्हणाली, "अगंबाई, हे तर सुतारकाम!" त्या लेण्याला 'सुताराचे झोपडे' म्हणतात, हे तिला ठाऊकही नव्हते.

चार दिवस मुक्काम करा म्हणणे सोपे. गुडघे धरलेल्यांनी काय करायचे? तक्रार करायचीच तर वेळापत्रकाची करा. पत्रकात जैन लेणी छापायची आणि बस कैलास लेण्यावरूनच माघारी वळवायची, हे खपवून घेऊ नये. आणि वेरूळ मंगळवारी बंद असते. आगाऊ पैसे भरण्यापूर्वी वार तेवढा पाहावा.

— एक वाचक, नाशिक