राखोलीच्या पुलावरून मुंबईचा आराखडा

आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसे. मुंबईशी आपले नाते काहीसे मावशीच्या घराशी असावे तसे. लग्नाचा बस्ता, मोठ्या डॉक्टरांचा सल्ला, मुलाची पहिली मुलाखत अशा निमित्तांनी तेथे जायचे, दोन दिवस दादरला मुक्काम करायचा, गर्दीला नावे ठेवायची आणि परतताना उगाच हळहळायचे. मावशीच्या घरात भिंत कोठे घालावी, माडी कोठे चढवावी, यात भाच्याने तोंड घालू नये हा शिष्टसंप्रदाय. तेव्हा मुंबई महानगर प्रदेशाच्या विकास-आराखड्याचे परीक्षण या सदरात करावयास घेतले, हा काही वाचकांना आगाऊपणा वाटेल. परंतु हे परीक्षण मी दादरा-नगर हवेलीतील राखोली गावी, माझ्या थोरल्या मावसभावाच्या ओसरीवर बसून लिहीत आहे. आणि येथून पाहू लागले की तो आराखडा परक्या घरचा वाटेनासा होतो.

राखोली हे सिल्वाशाजवळचे, दमणगंगेच्या काठचे गाव. वरच्या अंगाला काही मैलांवर मधुबन धरण आहे, खाली नदी वापीला वळसा घालून दमणजवळ समुद्राला मिळते. १९५४ च्या ऑगस्टात सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले, तेव्हा त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी माणसे होती, हे आपल्या घरांतून अभिमानाने सांगितले जाते. त्यापुढची कथा मात्र आपण फारशी सांगत नाही. १९६१ च्या जनगणनेत हवेलीची लोकसंख्या अवघी ५८ हजार होती. वारली, धोडिया, कोकणा यांची भातशेती आणि सागाचे जंगल, एवढाच तिचा संसार. २०११ मध्ये तीच संख्या ३ लाख ४४ हजारांच्या घरात गेली. १९९१ मध्ये शंभरातील ७९ माणसे आदिवासी होती, वीस वर्षांनी ती ५२ उरली. एवढी माणसे कोठून आली आणि का आली, याचे निदान अर्धे उत्तर मुंबईच्या आराखड्यात आहे.

ते उत्तर माझ्या मावसभावाच्या, अण्णांच्या, आयुष्यात सहज सापडते. अण्णा परळच्या एका गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा धड चालली नाही. दोन वर्षे त्यांनी मिळेल ते काम केले. मग एका ओळखीच्या माणसाने त्यांना येथे धाग्याच्या कारखान्यात आणले. मालकाची शेड पूर्वी अंधेरीस होती. अण्णा सांगतात, "मालक अंधेरीचा, मी परळचा, यंत्रंसुद्धा तिकडचीच ट्रकमधून आलेली. फक्त जमीन तेवढी इथली होती." ज्याची ती जमीन होती, तो वारली पुढे त्याच कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली हमाली करू लागला, हे अण्णांनी आवाज जरा खाली आणून सांगितले.

आता आराखड्यांकडे वळू. १९४८ मध्ये महापालिकेचे अभियंते एन. व्ही. मोडक आणि अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या योजनेची रूपरेषा मांडली. शहर बेटावर मावणार नाही, त्याला बाहेर उपनगरे व जोडशहरे हवीत, हे त्यांनी तेव्हाच सांगितले होते. पुढे स. गो. बर्वे यांचा अभ्यासगट झाला. १९६५ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कारखान्यांची मुंबईतील वाढ रोखून त्यांचे नियोजनपूर्वक विकेंद्रीकरण करावे, हा तिचा आग्रह. त्यातून १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम निघाला, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि १९७३ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाचा पहिला प्रादेशिक आराखडा मंजूर झाला.

तो आराखडा विचाराने सरस होता, असे माझे मत आहे. बेटावरील भार कमी करावा, खाडीपलीकडे नवे शहर वसवावे आणि उद्योग दूर न्यावेत, अशी त्याची त्रिसूत्री. यांपैकी नवे शहर वसले. वाशीला कांदा-बटाट्याचा बाजार आला, कळंबोलीला लोखंडाचा. पण मंत्रालय जागचे हलले नाही, आणि नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कचेऱ्यांचे मनोरे मात्र उभे राहिले. ज्या सरकारने इतरांना शहर सोडावयास सांगितले, त्याने स्वतःचे बूड हलवले नाही. मुंबईची लोकसंख्या १९७१ मध्ये सुमारे ६० लाख होती, १९९१ मध्ये ती ९९ लाखांवर गेली.

तिसरे सूत्र, म्हणजे उद्योगांचे स्थलांतर, मात्र यशस्वी झाले. कर्त्यांच्या मनात होते त्या दिशेने नव्हे, इतकेच. महाराष्ट्राने मुंबईत नव्या मोठ्या कारखान्यांना आडकाठी घातली. ते मराठवाड्यात, विदर्भात जावेत ही अपेक्षा. पण कारखानदार नकाशावर महसुली हद्द पाहत नाही. तो रस्ता, बंदर आणि कर पाहतो. गुजरातेत वापीची औद्योगिक वसाहत उभी राहत होती. तिच्या शेजारीच हा केंद्रशासित प्रदेश, विक्रीकराची व आयकराची सूट, आणि मुंबई राष्ट्रीय महामार्गाने काही तासांवर. मग पिपरिया, मसाट, खडोली येथे शेडमागून शेड उभ्या राहिल्या. मुंबईच्या आराखड्यात 'विकेंद्रीकरण' असा जो एक शब्द आहे, त्याचा राखोलीत अर्थ झाला तो हा. आलेल्या कामगारांसाठी घरे कोणी योजिली? सांडपाणी कोठे जाणार होते? ते मुंबईच्या कागदात असण्याचे कारण नव्हते, कारण हद्द संपली होती. आणि येथील कागदात ते कारखाने येऊन गेल्यावर आले. चाळीच्या एकेका खोलीत बिहार, ओरिसा, उत्तर प्रदेशातील सहा-सहा माणसे पाळीपाळीने झोपतात, हे अण्णा तीस वर्षे पाहत आले आहेत.

कारखान्यांचे झाले ते झाले. खरी गोष्ट पाण्याची आहे, आणि तीच मला आराखड्यात सर्वांत जास्त खटकते.

मुंबईने पाण्यासाठी नेहमी बाहेर हात लांबवला आहे. १८६० च्या सुमारास विहार, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये वैतरणेवरील धरण, पुढे ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. १९५७ च्या त्या जलाशयाला मोडकसागर म्हणतात. तेच मोडक, ज्यांनी १९४८ ची योजना केली. शहराची योजना आणि शहराचे पाणी या दोन्हींचा विचार एकाच डोक्यात होता, तो काळ बरा म्हणायचा. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. बायका हंडे घेऊन ज्या वाटेने जातात, तिच्या कडेने मुंबईची जलवाहिनी जाते.

आता हा हात दमणगंगेपर्यंत येऊ घातला आहे. नदी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात उगम पावते. दमणगंगा-पिंजाळ जोडप्रकल्पानुसार तिच्यावर भुगड येथे आणि तिची उपनदी वाघ हिच्यावर खारगीहिल येथे धरणे बांधावयाची, आणि चाळीसहून अधिक किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून ते पाणी पालघर जिल्ह्यातील नियोजित पिंजाळ धरणात आणून मुंबईस द्यावयाचे. २०१० मध्ये केंद्र, महाराष्ट्र व गुजरात यांच्यात अहवाल तयार करण्याबद्दल करार झाला, २०१४ मध्ये सविस्तर अहवाल तयार झाला, आणि २०२२ च्या अर्थसंकल्पीय भाषणात पाच नदीजोड प्रकल्पांत त्याचा उल्लेख झाला. ही दोन्ही धरणे मधुबनच्या वरच्या अंगाला आहेत, म्हणजे मधुबनात येणारे काही पाणी वरच्यावर वळणार. अहवालकारांच्या मते खालच्यांची गरज भागवूनही पाणी उरते. मधुबन वलसाडच्या शेताला, वापीच्या कारखान्यांना, दमणला आणि हवेलीलाही पाणी पुरवते. त्या सर्वांची पुढच्या पन्नास वर्षांची गरज कोणी कोणाला विचारून मोजली, हे विचारण्याचा हक्क राखोलीकराला असावा, एवढेच माझे म्हणणे. मधुबनच्या वेळीही दुधनीच्या बाजूची शेते पाण्याखाली गेली. एकदा बुडालेल्या मुलुखाला दुसऱ्यांदा गृहीत धरणे फार सोपे असते.

तिसरा प्रादेशिक आराखडा २०१६ ते २०३६ या काळासाठी आहे. त्याचा मसुदा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, २०२१ मध्ये त्यास मंजुरी मिळाली. मधल्या काळात, २०१९ मध्ये, महानगर प्रदेशाची हद्दही वाढून पालघर तालुक्यापर्यंत आली. मसुद्यावर हरकती मागवल्या गेल्या, तेव्हा वसईच्या ग्रामस्थांनी आपल्या हरित पट्ट्यासाठी मोठ्या संख्येने हरकती नोंदवल्या. मुंबई शहराच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा तर २०१५ मध्ये लोकांच्या संतापापुढे मागे घ्यावा लागला. रस्ते भलतीकडे दाखवले होते, जुन्या वास्तू गायब होत्या. नव्याने केलेला आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. नागरिक जागे असले की नकाशा बदलतो, याचे हे उत्तम उदाहरण. पार-तापी-नर्मदा जोडप्रकल्पाविरुद्ध धरमपूर, वांसदा, डांग येथील आदिवासी रस्त्यावर उतरले, तेव्हा २०२२ मध्ये गुजरात सरकारलाही माघारीची घोषणा करावी लागली. धरमपूर येथून काही दूर नाही.

पण वसईकर हद्दीच्या आत होता, म्हणून त्याला अर्ज करावयास कचेरी होती. भुगडचा शेतकरी नाशिक जिल्ह्यात, राखोलीचा केंद्रशासित प्रदेशात. ज्या आराखड्यामुळे त्याचे पाणी जाणार, त्या आराखड्याच्या नकाशावर त्याचे गावच नाही. जेथून पाणी यावयाचे, तो प्रदेश आराखड्यात केवळ 'स्रोत' असतो. तेथे माणसे असतात हे वाचकाने स्वतः ओळखावयाचे. माझी सूचना साधी आहे. प्रादेशिक आराखड्याची हद्द रेल्वेगाड्या कोठवर धावतात यावरून न ठरता पाणी कोठून येते यावरूनही ठरावी, निदान सुनावणीपुरती तरी. आणि नवे धरण मागण्याआधी मुंबईने आपल्या जुन्या नळांतून गळून व चोरीस जाणाऱ्या पाण्याचा हिशेब त्याच आराखड्यात मांडावा. शहराला पाणी नको असे कोणी म्हणत नाही. आपलीच मुले-नातवंडे तेथील मनोऱ्यांत राहतात, आणि नळ कोरडा पडला की फोन आपल्यालाच करतात.

काल सायंकाळी अण्णांबरोबर पुलापर्यंत फिरावयास गेलो होतो. पाऊस उघडला होता, पाणी तांबडे, वेगाचे. कारखान्याची पाळी सुटत होती आणि सायकलींची रांग पुलावरून जात होती. अण्णांना मी भुगडची हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतले, कठड्यावर हात टेकून बराच वेळ पाण्याकडे पाहिले, आणि विचारले, "हरकत लिहायची तर पत्ता कोणाचा घालायचा?" मला सांगता आला नाही. रात्री त्यांनी तरीही एक पत्र लिहिले, मराठीत, सुवाच्य अक्षरात, दोन पाने. पाकिटावरची जागा कोरी ठेवून ते त्यांनी माझ्याजवळ दिले आहे. या महिन्यात मुंबईस जाणे होईल, तेव्हा एखाद्या कचेरीत ते कोणी घेते का, ते पाहीन आणि पुढच्या अंकी कळवीन.