घंटाघर गेले, शोक कशाचा?

दिल्लीच्या चांदणी चौकातील घंटाघराची जुनी छायाचित्रे पाहून आजही अनेक जण हळहळतात. या हळहळीला इतिहासाचे अधिष्ठान आहे काय? १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर इंग्रजांनी तेथील जहाँआराची सराई जमीनदोस्त केली, टाऊन हॉल बांधला आणि त्यासमोर हा मनोरा उभारला. पराभूत नगरीने यापुढे कोणाच्या घड्याळाप्रमाणे चालावे, हे बजावणारा तो जेत्यांचा विजयस्तंभच होता!

त्या जागेला खरे मोल लाभले ३० मार्च १९१९ रोजी. रौलट कायद्याविरुद्ध हरताळ होता. गोळीबारात रक्त सांडले होते. घंटाघरापाशी गुरखा शिपायांनी संगिनी रोखताच भगव्या वस्त्रांतील स्वामी श्रद्धानंद छाती उघडी करून पुढे झाले. अखेर संगिनींनाच माघार घ्यावी लागली.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच मनोरा ढासळला व पुढे पाडण्यात आला. टाऊन हॉलपुढील राणी व्हिक्टोरियाचा पुतळाही हटला. तेथे श्रद्धानंदांचा पुतळा उभा राहिला. दिल्लीदर्शनास जाणाऱ्या पालकांनी मुलांना तो आवर्जून दाखवावा. परक्यांचे घड्याळ बंद पडल्याचा शोक स्वतंत्र राष्ट्राने का करावा?