कार्ड मिळालं, दुखण्याचं काय?

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांमध्ये सिकलसेल म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आदिवासी आणि बौद्ध घरांमध्ये हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. लग्न जमवताना लपवला जातो, हेही आपल्याला ठाऊक आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ चं उद्दिष्ट, रंगीत कार्डं. तपासणी हवीच. पण ज्या लेकराला आजार आधीच आहे, त्याची हाडं रात्री दोन वाजता ठणकायला लागली तर त्याने कार्ड उशाखाली घेऊन झोपायचं का?

माझ्या बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. मागच्या थंडीत त्याला क्रायसिस आला. विळ्यासारख्या झालेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडाला रक्त पोचत नाही. बाहेरून मात्र ना जखम, ना सूज. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "नाटकं करतोय." शेजारची आजी म्हणाली, मागच्या जन्माचे भोग. एक एमबीबीएस, दुसरी निरक्षर, आणि दोघांचा निकाल एकच: पोराने सोसावं! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात भोगाची भाषा चालणार नाही. बुद्धाने दुःख आहे एवढंच सांगितलं नाही, त्याला कारण आहे आणि ते दूर करता येतं हेही सांगितलं.

इथे तर कारणही माहीत आहे आणि उपायही. भरपूर पाणी पाजायचं, अंग उबदार ठेवायचं, शेक द्यायचा, बर्फ अजिबात लावायचा नाही. वजनाप्रमाणे ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल वेळेवर द्यायचं, लेकरू किंचाळेपर्यंत थांबायचं नाही. आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारूनच, कारण मूत्रपिंडाचा प्रश्न असतो. ॲस्पिरिन नको. आणि ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखलं, धाप लागली, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, पोट फुगून पोर एकदम पांढरं पडलं, तर घरी एक मिनिट थांबायचं नाही. एवढं सगळं एका कागदावर मावतं. कार्डासोबत हा कागद आणि औषधाची बाटली आशाताईंच्या हातून घरी का येत नाही? वारंवार येणारे क्रायसिस कमी करणारं हायड्रॉक्सीयुरिया खंड न पडता का मिळत नाही?

काही दुखणी मात्र यानेही थांबत नाहीत. त्यासाठी मॉर्फिन आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं. त्यासाठी लागणारी अफू शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरकडे, सरकारी परवान्यावर पिकते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने दवाखाने धास्तावले हे खरं, पण २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची ती गुंतागुंत कमी केली. तरी तालुक्याच्या गावी मॉर्फिन मागून बघा. "व्यसन लागेल," म्हणतील. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यापुरतं दिलेलं औषध आणि नशा यांत फरक आहे, हे त्यांनीच शिकलेलं असतं. हे लेकरू गरिबाचं नसतं, तर हाच फरक त्यांना चटकन आठवला असता असं मला वाटतं.

पुढच्या वेळी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे निवेदन घेऊन जाल तेव्हा किती तपासण्या झाल्या हे विचारू नका, तो आकडा ते स्वतःहून सांगतील. मॉर्फिनचा साठा आहे का, ते विचारा. आणि लहान मुलाला बोट ठेवून आपलं दुखणं दाखवता येईल असा चेहऱ्यांचा तक्ता वॉर्डाच्या भिंतीवर लावलाय का, तेही.