नावाचा विटाळ

इंदूरच्या छप्पन दुकानांत ‘हॉट डॉग’ या नावाने जो पदार्थ विकला जातो, त्याविषयी आपल्या समाजातील काही वडीलधारी मंडळी मोठा रोष बाळगून आहेत. होळकरांच्या नगरीत, जेथे सकाळ पोह्या-जिलेबीने उजाडते आणि रात्री सराफ्यात भुट्ट्याच्या किसावर नि गराडूवर माणसे तुटून पडतात, तेथे आपल्या मुलांनी कुत्र्याच्या नावाचे म्लेंच्छ अन्न खावे आणि त्याच तोंडाने देवळात तीर्थ घ्यावे, हा केवढा अनाचार! अशी ही तक्रार आहे.

तक्रारदारांपैकी कितीजणांनी तो पदार्थ डोळ्यांनी पाहिला आहे? गोल पाव कापून तव्यावर खरपूस शेकतात, आत बटाट्याची टिक्की, वर कांदा आणि चटणी. अमेरिकेत या नावाच्या लांबट पावात मांसाचे सॉसेज असते. इंदुरी पदार्थाने त्याचे नाव तेवढे उचलले, बाकी सारा बटाटेवड्याचा चुलतभाऊ. आम्हां वकिलांच्या व्यवहारात दस्ताच्या मथळ्यावरून निकाल लागत नाही. आतील कलमे वाचावी लागतात. मथळ्याला भिण्याचा रोग केवळ आपलाच, असेही नव्हे. २०१६ साली मलेशियात तेथील धर्माधिकाऱ्यांनी हलाल प्रमाणपत्रासाठी याच शब्दावर बोट ठेवले होते. आमच्या सनातनी मित्रांना ही संगत कितपत रुचेल, कोण जाणे!

नाव परके म्हणून पदार्थ बाटका, हे सूत्र मान्य केले तर ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीज. मिरचीही त्यांच्याच गलबतांतून आली. एकादशीच्या फराळाच्या ताटात हे दोघे परदेशस्थ शेजारी शेजारी बसतात, तेव्हा कोणाचे व्रत मोडत नाही.

आणि पाव? पावाविषयी तरी आपण गोमंतकीयांनी जपून बोलावे. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या कथा आपण आज्यांच्या तोंडून ऐकल्या. त्यांत पाद्र्याचा जुलूम आपल्याला ठळक दिसतो. परंतु नकळत ते पाणी प्यालेल्या माणसाला घरात कोणी घेतले नाही? पाद्र्याने नव्हे. कथा खरी असो वा रचलेली, ती सांगणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटले नाही, हीच तिची खरी साक्ष. पावाच्या तुकड्यापायी भाऊ भावाला मुकला, आणि आज त्याच समाजाच्या दारात पोदेराचा भोंपू वाजला की पाटळ भाजीसाठी गरम पाव घ्यायला सोवळ्यातले घरदेखील लगबगीने बाहेर येते. मधल्या काळात पाव बदलला नाही. मग त्या बहिष्कृतांचा अपराध कोणता होता, याचे उत्तर कोणी द्यावयाचे?

म्हणून पोराने हॉट डॉग खाल्ला एवढ्यावरून त्याला पंक्तीत टोचून बोलणाऱ्यांचा आम्ही स्पष्ट निषेध करतो. इंदुरासारख्या दूरच्या गावी शिक्षण-नोकरीसाठी राहणारी ही मुले सणावारी आपल्या देवळाशी नाते टिकवून येतात. त्यांना दारातच परके ठरविण्याची हौस समाजाला परवडणारी नाही.

आता शाकाहाराचे व्रत ज्यांना मनापासून पाळावयाचे आहे, त्यांची अडचण मात्र खरी आहे, आणि नावावर आगपाखड करणाऱ्यांनी नेमकी तीच दुर्लक्षिली आहे. छप्पन दुकानांतील प्रसिद्ध ‘जॉनी हॉट डॉग’कडे बटाट्याच्या जोडीला मटणाचा हॉट डॉगही मिळतो आणि अंड्याचा ‘बेंजो’ही. यात लपवाछपवी काहीच नाही. बंद पाकिटावर हिरवा ठिपका छापण्याची सक्ती कायद्याने केली आहे. तव्याच्या पृष्ठभागावर ठिपका उमटत नाही. तेव्हा असे दोन्ही प्रकार मिळतील त्या कोणत्याही दुकानात व्रतस्थाने तवा वेगळा आहे का, उलथणे वेगळे आहे का, हे तोंडाने विचारावे, आणि समाधान न झाल्यास शेजारच्या दुकानी जावे. तेथे पंचावन्न उरतातच.