छत्तीस व्होल्टचा गैरसमज

ईटला काकांची विहिरीवरची मोटार जळाली. रिवाइंडिंगला पैसे गेले आणि सगळ्यांनी मिळून दोष दिला बिचाऱ्या लायटीला! व्होल्टेज कमी होतं हे खरंच. पण व्होल्टेज कमी झालं की मोटार बंद करायची, यासाठीच तर स्टार्टरशेजारी ती पेटी बसवली होती ना? मी पेटी उघडली. (काकू म्हणाल्या, आता हीपण मोडणार का? :-))

आत एलएम ३३९, म्हणजे दोन व्होल्टेजांची तुलना करणारी चिप, कंपॅरेटर. एका पायावर ठरवलेले ४ व्होल्ट, दुसऱ्यावर लाइनवरून कमी करून आणलेलं व्होल्टेज. ते ४ च्या खाली गेलं की मोटार बंद. कागदावर झकास! पण चिपला सप्लाय ५ व्होल्टचा. तिच्या इनपुटची हमी सप्लायपेक्षा दीड व्होल्ट खालपर्यंतच, म्हणजे साडेतीन, आणि तीही २५ अंशांना. सगळ्या तापमानांना धरायचं तर ३. एक पाय हद्दीत असेल तर दुसरा वर गेलेला चालतो. दोन्ही वर गेले की उत्तराचा भरवसा नाही. लाइन थोडी पडून ३.७ आले की नेमकं तेच होतं. लाइन पार झोपली तर पेटीला कळेल. पण थोड्या कमी व्होल्टेजवर मोटार जास्त करंट ओढत तापत राहते, तेव्हा ही आंधळी.

बनवणाऱ्याला फोन केला. "साहेब, ३६ व्होल्टपर्यंत चालते ती, डेटाशीट बघा." अहो, बघूनच बोलतोय! ३६ ला इनपुट जळत नाही, एवढंच तिथे लिहिलंय. बरोबर उत्तर देईल असं कुठे लिहिलंय?

"टेस्ट करूनच देतो आम्ही." दुकानात, दिवसा. काकांच्या शेतात लाइट येते रात्री. आणि थंडीत आतल्या ट्रान्झिस्टरना चालू व्हायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणजे ही हद्द जानेवारीच्या रात्री आणखी आवळते. कॉलेजात कंपॅरेटर म्हणजे फळ्यावरचा एक त्रिकोण. त्याला सप्लायही काढत नाहीत, मग हद्द कोण सांगणार? असो.

मी दोन्ही बाजूंची व्होल्टेजं रेझिस्टर बदलून निम्म्यावर आणली. आता तुलना २ व्होल्टशी होते. खर्च म्हणाल तर चहाएवढाही नाही. बनवणाऱ्याला कळवलं, तर म्हणाला, "पुढच्या लॉटला बघू." आधीच्या लॉटमधल्या पेट्या कुणाकुणाच्या विहिरीवर आहेत, हे विचारलं तर फोन ठेवला.