पैसे नळ टाकल्याचे, की पाणी पोचविल्याचे?

धरण कोरडे पडले म्हणून शहर तहानलेले राहिले, तर तो निसर्गाचा कोप म्हणता येतो. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, गोष्ट निराळी आहे. जायकवाडीचा नाथसागर तेथून चाळीस किलोमीटरांच्या आसपास. तो काठोकाठ भरलेला असतानाही शहरातील नळांना वर्षानुवर्षे कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येत राहिले. येथे दोष पावसाकडे शोधून चालणार नाही. तो करारपत्रांत शोधावा लागतो.

२०११ मध्ये औरंगाबाद महापालिकेने सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या तत्त्वावर एका कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. सुमारे ७९२ कोटी रुपयांच्या या ‘समांतर जलवाहिनी’ योजनेत जायकवाडीपासून नवी मुख्य वाहिनी टाकावयाची होती, शहरातील जीर्ण वाहिन्या बदलावयाच्या होत्या, आणि पाणीपुरवठा व पट्टीवसुलीही कंपनीनेच सांभाळावयाची होती. सप्टेंबर २०१४ मध्ये शहराचा पुरवठा कंपनीच्या हाती गेला. मुख्य वाहिनी मात्र रेंगाळली. वाढत्या पट्टीविषयी आणि मीटरविषयी असंतोष पेटला, जून २०१६ मध्ये सर्वसाधारण सभेने करार मोडण्याचा ठराव केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पालिकेने पुरवठा परत आपल्याकडे घेतला. प्रकरण यथाकाल न्यायालयात गेले.

या प्रकरणाची चर्चा तेव्हा ‘खासगीकरण हवे की नको’ एवढ्या एकाच खुंट्याभोवती फिरली. वस्तुतः पाणी मुरत होते ते अन्यत्र. मुख्य वाहिनी हे योजनेतील सर्वांत खर्चाचे आणि जोखमीचे काम. त्यात पैसा आधी ओतावा लागतो, उत्पन्न मागाहून येते. पट्टीवसुलीचे उत्पन्न मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होते. येथे वसुली आधी हाती आली आणि वाहिनी मागे राहिली. क्रम असा उलटा पडला, की कंपनी सज्जन आहे की लबाड हा प्रश्न गौण ठरतो. खर्चाचे काम लांबणीवर टाकण्यातच तिचे हित असते. उत्पन्नाचा प्रत्येक टप्पा वाहिनीच्या एकेका टप्प्याशी जखडून टाकणे, हा त्यावरचा साधा उपाय होता.

जुनी सरकारी पद्धत याहून निर्दोष होती, असे मात्र कोणी समजू नये. कंत्राटदाराने किती घनमीटर खोदाई केली, किती मीटर नळ टाकले, याची अभियंत्याने मोजमाप-पुस्तकात नोंद करावी आणि त्या नोंदीवर बिल निघावे, अशी ही पद्धत आहे. नळातून पाणी वाहिले की नाही, याचा रकाना त्या पुस्तकात नसतो. एकूण खर्चात नळांच्या किमतीचा हिस्सा मोठा. साहजिकच नळ आणून टाकण्याची घाई असते, ते जोडण्याची आणि दाबाखाली तपासण्याची नसते. रस्त्याच्या कडेला गवतात लोळत पडलेले नळ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

सांडपाण्याच्या बाबतीत हाच अनुभव गंगेकाठी आला. १९८६ मध्ये सुरू झालेल्या गंगा कृती योजनेत सरकारी पैशातून शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली, पण ती चालविण्याचा खर्च स्थानिक संस्थांना पेलेना. वीज नाही, वीजबिलाला पैसे नाहीत, अशा अवस्थेत पुष्कळ केंद्रे रखडत चालली किंवा बंद पडली. त्यावर तोड म्हणून जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘हायब्रिड अॅन्युइटी’ ही पद्धत मान्य केली. भांडवली खर्चाच्या ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात द्यावयाची. उरलेली ६० टक्के पंधरा वर्षांत, हप्त्याहप्त्याने, आणि तीही केंद्रातून बाहेर पडणारे पाणी ठरलेल्या प्रतीचे असेल तर. २०१७ मध्ये वाराणसीजवळील रमना आणि हरिद्वारचे जगजीतपूर येथील कामे या पद्धतीने देण्यात आली. बांधणारा आणि चालविणारा एकच असल्याने, स्वस्तातले पंप बसवून त्यांचे वीजबिल दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची सोय येथे उरत नाही. तथापि एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हे हप्ते केंद्र सरकारच्या तिजोरीतून जातात, नगरपालिकेच्या नव्हे. ती हमी काढून घेतली, तर आपल्याकडील एखाद्या पालिकेच्या पंधरा वर्षांच्या वचनावर कोणती बँक कर्ज देईल?

शिवाय, पोचलेल्या पाण्याचे पैसे द्यावयाचे तर ते मोजता आले पाहिजे. नागपुरात २०१२ मध्ये सुरू झालेल्या पंचवीस वर्षांच्या करारात चालकाचा मोबदला, आकारणी झालेल्या पाण्याच्या घनमीटरवर ठरतो. गळती आणि चोरी थांबविण्यात त्याचाच लाभ आहे. सर्व शहराला चोवीस तास पाणी देण्याचा पाच वर्षांचा वायदा तेथेही हुकला, तेव्हा नागपूरला आदर्श म्हणून मिरविण्याचे कारण नाही. पण तेथे भांडण निदान मोजलेल्या पाण्यावर होते.

औरंगाबादेत दुसरी योजना २०१९ मध्ये १,६८० कोटी रुपयांची म्हणून पुढे आली. डिसेंबर २०२० मध्ये तिचे भूमिपूजन झाले आणि काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे गेले. पुढे ‘अमृत २’मध्ये समावेश होता होता खर्च २,७४० कोटींवर पोचला. कामाची मूळ मुदत टळली. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला जनहित याचिकेत कामावर देखरेख ठेवावी लागली. एखाद्या नळयोजनेला न्यायालयाने गती द्यावी लागणे, हे करारात दंडाची कलमे असूनही ती वापरणारा कोणी नसल्याचे लक्षण होय.

या खर्चातील पालिकेचा वाटा ३० टक्के, म्हणजे ८२२ कोटी. शहरातील पाणीपट्टी सरसकट वार्षिक. ती ४,०५० रुपयांपर्यंत चढली होती, तिची रक्कम २०२२ मध्ये निम्मी करण्यात आली. मिळत नसलेल्या पाण्याची एवढी पट्टी लोकांनी का द्यावी, हा नागरिकांचा सवाल रास्तच होता. मात्र आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, हा पालिकेच्या लेखापालाचा सवालही खोटा नव्हे. अडीच मीटर व्यासाच्या नव्या वाहिनीतून पाणी वर चढविण्याचे वीजबिल दरमहा येणार. कंत्राटदाराची देखभालीची मुदत संपली, की सारा पसारा पालिकेच्या अंगावर पडणार. तेव्हा लागणारे मीटरवाचक, गळती शोधणारे अभियंते आणि कराराची कलमे वाचून वेळच्या वेळी दंड लावणारा विभाग आजच उभा करावा लागेल. पगारापुरते पैसे जमवितानाच ज्या पालिकेची दमछाक होते, तिच्या अंदाजपत्रकात या माणसांसाठी किती तरतूद आहे, हे नगरसेवकांनी विचारावयास हवे.