सुट्टीत प्रमाणपत्र नको, आशाताईंबरोबर फिरा

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकाल लागून अकरावीचे वर्ग भरेपर्यंत दोन-तीन महिने हाती राहतात. ज्या घरातल्या मुलाने किंवा मुलीने 'मला डॉक्टर व्हायचंय' असे म्हटले आहे, त्या घरात या महिन्यांचे काय करायचे याची बोलणी एप्रिलपासूनच सुरू होतात. कोणी लातूरला जाऊन क्लासची फी विचारून येतो. कोणाच्या मोबाईलवर आठ-दहा दिवसांत 'रुग्णालयाचा अनुभव' आणि वर प्रमाणपत्र देणारी जाहिरात येते. पालक आम्हाला याविषयी विचारतात, म्हणून आमचे मत इथे स्पष्टच मांडतो.

विकतच्या प्रमाणपत्राचा प्रवेशासाठी काडीचाही उपयोग नाही. एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या ७२० पैकी मिळालेल्या गुणांवर आणि प्रवर्गावर ठरतो. सुट्टीत काय केलेस, असे तिथे कोणी विचारत नाही. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाच्या अर्जात असा अनुभव पाहिला जातो, म्हणून तिकडे त्याला किंमत आहे. तीच कल्पना इकडे आणून विकली जात असेल तर गळ्यातले मोडून तिला पैसे देऊ नका.

मग अनुभव घ्यायचाच कशाला? घ्यायचा तो स्वतःला तपासण्यासाठी. एमबीबीएस म्हणजे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे. त्याआधी नीटसाठी एक-दोन वर्षे ड्रॉप घेणारी मुले आपल्याकडे कमी नाहीत. एवढा काळ आणि घरातला एवढा पैसा ज्या कामावर लावायचा, ते काम जवळून कसे दिसते हे सोळाव्या वर्षी कळलेले बरे. पू, वास, रडारड आणि रांगेतले तासन्‌तास हे सगळे सोसून पुन्हा दुसऱ्या दिवशी जावेसे वाटते का, याचे उत्तर क्लासच्या वहीत मिळत नाही. बारावीनंतरची सुट्टी तर नीटमध्येच जाते. म्हणून दहावीनंतरचा उन्हाळा महत्त्वाचा.

आता जायचे कुठे? इथे आपले पालक अडतात. 'आमच्या ओळखीत डॉक्टर कोण आहे?' असे म्हणतात. खरे आहे. इतरांच्या घरी काका डॉक्टर असतो, मामाचे हॉस्पिटल असते आणि भाचा सुट्टीत तिथे जाऊन बसतो. आपल्यापैकी बहुतेकांना असा काका नाही. पण वस्तीत आशाताई आहेत, अंगणवाडी सेविका आहेत. कोणाची मावशी सरकारी दवाखान्यात सफाईचे काम करते, कोणाचा चुलता वॉर्डात स्ट्रेचर ढकलतो. या ओळखीला आपण ओळख मानतच नाही. कित्येक घरांत तर ती मुलांपासून झाकून ठेवली जाते. आमच्या मते आरोग्याचे पहिले धडे घ्यायला हीच माणसे सर्वांत चांगली.

आशा योजना २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. तिच्याबरोबर गावातून चार फेऱ्या मारल्या की कितीतरी गोष्टी कळतात. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या मिळतात, पण पोटात मळमळते म्हणून त्या डब्यातच राहतात. क्षयाचा रुग्ण खोकला थांबला की दुसऱ्याच महिन्यात औषध सोडतो, आणि उपचार तर किमान सहा महिन्यांचा. ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबातल्या बाळाच्या कार्डावर मधल्या लसी राहून गेलेल्या असतात, कारण फडावर लसीचा दिवस कोणी सांगितलाच नाही. औषध असूनही माणूस बरा का होत नाही, हे डॉक्टरांच्या खोलीत टेबलाशेजारी बसून दिसत नाही. ते दारोदार फिरल्यावरच दिसते.

सफाईच्या मावशीकडूनही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पिवळ्या पिशवीत काय जाते, लाल पिशवीत काय जाते, सुई पांढऱ्या डब्यातच का टाकायची, हे तिला रोजच्या कामाने पाठ असते. कोणी घाईत सुई भलत्या पिशवीत टाकली की ती हिच्या हाताला टोचते. कावीळ बी कशी पसरते, हे यापेक्षा नीट कोणते पुस्तक समजावेल? ज्याच्या आईने हा कचरा उचलला, तो उद्या डॉक्टर झाल्यावर सुई कुठे टाकेल, याची आम्हाला खात्री आहे.

आणखी एक संधी आपल्या दारातच येते. १४ एप्रिलला जयंतीनिमित्त ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे होतात. अठरा वर्षांखालील मुलांना रक्त देता येत नाही, पण नोंदणीच्या टेबलावर बसता येते. वजन ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असल्याशिवाय रक्त घेत नाहीत. हौसेने आलेल्या किती बायका या आकड्यावरून परत जातात, हे मुलींनी मोजून पाहावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. तो आकडा टेबलावर बसल्या बसल्या चेहऱ्यांसह समोर येतो.

आमचे हे म्हणणे हवेतले नाही. भूम-परंड्याला लागून असलेल्या जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचे काम शिकवले. त्यांत दलित स्त्रियाही होत्या, निरक्षरही होत्या. आपल्या तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा तालुक्यात सास्तूरला स्पर्श रुग्णालय झाले. बाहेरून लोक ही कामे पाहायला येतात आणि आपली मुले एसटीत बसून तिथून पुढे लातूरला जातात! एक दिवस काढून, आधी विचारून, ही ठिकाणे दाखवून आणा.

काही पथ्ये मात्र कडक पाळायची. सुई, इंजेक्शन, जखम यांना हात लावायचा नाही; एखाद्या खासगी दवाखान्यात कोणी कौतुकाने 'टोच' म्हणाले तरी नाही. रुग्णाचा फोटो नाही, त्याचे नाव घरी येऊन सांगायचे नाही. गाव लहान असते, कोणाला कोणता आजार आहे ही बातमी संध्याकाळपर्यंत पारावर पोचते. क्षयरुग्णाच्या घरी मास्क हवाच. आशाताईंच्या रजिस्टरचे ओझे मुलांवर आणि मुलांचे ओझे आशाताईंवर पडू नये, म्हणून आठवड्यातून दोन-तीन सकाळ पुरे. मे महिन्यात अकराच्या आत घरी परतायचे आणि दुपारी अभ्यास करायचा.

एवढे पाहून एखादी मुलगी म्हणाली, 'मला हे जमणार नाही,' तर तिला रागावू नका. ड्रॉपची दोन वर्षे वाचली. एखाद्याला नर्सिंग किंवा प्रयोगशाळेचे काम अधिक आवडेल. तेही घरात मोकळेपणाने बोलू द्या.

उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे एक पानी अर्ज करा. त्यावर पालकांची सही आणि सोबत मुख्याध्यापकांचे पत्र असावे. कोणत्या दिवशी, किती वेळ आणि कोणाबरोबर थांबणार, हे अर्जातच लिहावे. गावात लसीकरणाचा दिवस कोणता, ते आशाताईंना विचारून त्या दिवसापासून सुरुवात करा.